दप्तर कोणासाठी झाकावे?



एखादी विपत्ती गुदरली म्हणजे मनुष्याच्या मुखातून दोन प्रश्न एकापाठोपाठ निघतात. पहिला हा की, हे कसे झाले? आणि दुसरा हा की, हे टाळता आले असते काय? उत्तर मिळाल्याने गेलेला मनुष्य परत येत नाही, हे विचारणारासही ठाऊक असते. तरी तो विचारतो, आणि त्याने विचारावे हे योग्यच आहे. कारण ज्या दुःखाचे कारण कळले त्याच्याशी मन हळूहळू समेट करू शकते, परंतु ज्याचे कारण कोणी कुलुपात ठेवले आहे असा संशय येतो, ते दुःख जुने होत नाही. म्हणून अपघातांच्या व उलगडा न झालेल्या गोष्टींच्या सरकारी नोंदी कोणी, किती काळ व कोणासाठी झाकून ठेवाव्या, हा केवळ कचेरीचा प्रश्न नव्हे; तो नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार आपणांसारख्या खेड्यांत राहणाऱ्या लोकांनीही करणे अगत्याचे आहे.

समजा, एका गावच्या सार्वजनिक विहिरीचा कठडा ढासळला आहे. पावसाळ्यापूर्वी तो बांधून घ्यावा असा ठराव झाला व वहीत लिहिला गेला, पण कठडा काही बांधला गेला नाही. पुढे अमावास्येच्या रात्री पाणी काढावयास गेलेली एक बाई विहिरीत पडून मरण पावली. पंचनामा झाला, कारण लिहिले गेले, वही पेटीत गेली आणि पेटीस कुलूप लागले. काही दिवसांनी त्या बाईचा मुलगा येऊन ती वही पाहू मागतो. तेव्हा वही ज्याच्या ताब्यात आहे तो म्हणतो, "बाबा, ह्या वहीत गावाच्या पुष्कळ खाजगी गोष्टी आहेत, त्या बाहेर जाणे गावाच्या हिताचे नाही." हे उत्तर खोटेच असेल असे नाही. वहीत कोणाच्या कर्जाची, कोणाच्या घरच्या तंट्याची नोंद खरोखर असू शकेल. परंतु तीच वही कठड्याचा ठरावही सांगत असेल. मग राखणाराने काय करावे? आणि त्या मुलाने कोणावर विश्वास ठेवावा?

हा दाखला काल्पनिक आहे. परंतु अमेरिकेत एका विमानाच्या बाबतीत असाच प्रसंग खरोखर घडला, आणि ती पेटी उघडावयास सुमारे अर्धे शतक लागले.

सन १९४८ च्या ऑक्टोबर महिन्याची ६ तारीख. जॉर्जिया संस्थानातून त्या देशाच्या हवाई दलाचे बी-२९ जातीचे एक मोठे विमान आकाशात चढले. त्यात काही गुप्त उपकरणांची परीक्षा व्हावयाची होती, म्हणून लष्करी माणसांबरोबर चौघे नागरिकही त्यात बसले होते. एकंदर तेराजण. विमान उंच गेल्यावर त्याच्या एका यंत्राने पेट घेतला, आणि वेक्रॉस नावाच्या गावाजवळ ते कोसळले. तेरापैकी नऊजण मेले. मेलेल्यांत चौघा नागरिकांपैकी तिघे होते. हे तिघे शिपाई नव्हते. यंत्रविद्या जाणणारे व पगारावर काम करणारे गृहस्थ होते.

त्यांच्या तीन विधवांनी सरकारवर दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते. हवाई दलाने अपघाताची चौकशी करून अहवाल लिहिला आहे. तो आम्हांस दाखवा, म्हणजे आमचे पती कोणाच्या चुकीने मेले किंवा कोणाच्याही चुकीने मेले नाहीत, हे ठरेल. सरकारने उत्तर दिले की, विमान गुप्त कामगिरीवर होते, अहवाल बाहेर दिल्यास देशाच्या संरक्षणास बाध येईल. तथापि वाचलेल्या माणसांस तुम्ही प्रश्न विचारावे, त्यांस आम्ही हजर करू, असेही सरकारने सांगितले. फिलाडेल्फिया येथील न्यायाधीशाने एक मध्यम मार्ग काढला. तो म्हणाला की, अहवाल विधवांस देऊ नका, तो फक्त मला दाखवा. त्यात खरोखर गुप्त काय आहे ते मी पाहतो. सरकारने तेही नाकारले. तेव्हा न्यायाधीशाने चूक सरकारचीच होती असे धरून तिघींस मिळून २,२५,००० डॉलर देवविले, आणि वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम केला.

परंतु सरकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. सन १९५३ च्या मार्च महिन्यात तेथील नऊ न्यायाधीशांपैकी सहांनी सरकारच्या बाजूने मत दिले. त्यांचे म्हणणे असे पडले की, लष्करी गुपित उघड होण्याचा वाजवी धोका असेल, तर न्यायाधीशानेही एकांतात ते कागद पाहण्याचा आग्रह धरू नये. अहवाल न वाचताच अहवालाचा निर्णय झाला. पुढे त्या विधवांनी, लढण्यास बळ न उरल्यामुळे म्हणा किंवा लेकरांच्या पोटासाठी म्हणा, तिघींत मिळून १,७०,००० डॉलरांवर तडजोड केली. आणि त्या दिवसापासून अमेरिकेचे सरकार जेव्हा जेव्हा एखादा कागद कोर्टापुढे ठेवू इच्छीत नाही, तेव्हा तेव्हा ते ह्याच निवाड्याकडे बोट दाखविते.

वर्षे लोटली. लहान मुले मोठी झाली. १९९० नंतरच्या दशकात हवाई दलाच्या जुन्या अपघातांचे अहवाल गुप्ततेतून मोकळे करण्यात आले. सन २००० मध्ये त्या तिघा नागरिकांपैकी एकाची मुलगी, जी बाप मेला तेव्हा काही आठवड्यांची तान्ही होती, आपल्या बापाविषयी शोध करीत असता तिला तोच अहवाल सापडला. ज्यासाठी तिच्या आईने इतकी वर्षे कोर्टाची पायरी झिजविली, ते कागद आता कोणीही थोडे पैसे भरून घ्यावे असे झाले होते.

तिने ते भीत भीत वाचले असतील. त्यांत देशास बुडवील असे कोणते गुपित होते? त्या गुप्त उपकरणांविषयी त्यांत जवळजवळ काहीच नव्हते. होते ते हे की, ह्या जातीच्या विमानांची यंत्रे तापून पेट घेऊ नयेत म्हणून उष्णता अडविणाऱ्या पत्र्यांत बदल करण्याचा हुकूम पूर्वीच सुटला होता. ह्या विमानात तो बदल करण्यात आला नव्हता. आणि त्या कारणाने हे विमान उड्डाणास सुरक्षित नव्हते. शिवाय संकटसमयी विमानातून बाहेर कसे पडावे हे त्या नागरिकांस नीट समजावून सांगण्यात आले नव्हते. वाचकहो, हा ढासळलेल्या कठड्याचाच ठराव होय. तो वहीत लिहिला होता, पाळला गेला नव्हता, आणि वही पेटीत होती.

ह्या कुटुंबांनी सन २००३ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठाविले, पण ते उघडले नाही. दुसऱ्या कोर्टाने २००५ मध्ये सांगितले की, सरकारने न्यायालयाशी कपट केले असे सिद्ध होत नाही. त्या काळच्या भीतीच्या दिवसांत असल्या विमानाची साधी माहितीही शत्रूच्या उपयोगी पडेल असे अधिकाऱ्यांस प्रामाणिकपणे वाटले असणे संभवते. हे म्हणणे आपण टाकून देऊ नये. दुसऱ्याच्या अंतःकरणातील हेतू ठरविणे कठीण असते, आणि जो मनुष्य दुसऱ्याच्या प्रत्येक मौनात पाप पाहतो तो न्यायी नव्हे. परंतु हेतू शुद्ध होता असे क्षणभर धरले, तरी परिणाम काय झाला तो पाहा. देशाच्या रक्षणासाठी जो पडदा विणला होता, त्याच्या आड एक न पाळलेला हुकूमही जाऊन बसला. पडद्यास डोळे नसतात. त्याच्या मागे काय ठेवावे व काय ठेवू नये, हे त्याला कळत नाही. ते पडदा धरणाराच्या विवेकबुद्धीने पाहावयाचे असते. आणि जेथे चूक आपलीच असते, तेथे मनुष्याची विवेकबुद्धी फार लवकर मंद होते. आपली अब्रू वाचविणे व देश वाचविणे ह्या दोन गोष्टी त्याला एकच वाटू लागतात, आणि तो स्वतःस खोटा समजतही नाही. हाच मोठा धोका आहे. उघड लबाडाला निदान आपण लबाड आहो हे ठाऊक असते.

आता दुसऱ्या प्रकारची नोंद पाहू. अपघातांशिवाय सरकारांपाशी अशाही नोंदी असतात की ज्यांत घडलेल्या गोष्टीचा उलगडाच झालेला नसतो. आकाशात अनोळखी दिवे किंवा तबकड्या दिसल्याच्या गोष्टी ह्या वर्गातल्या. सन १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको संस्थानात रॉझवेल गावाच्या आसपास एका गुराख्यास मोकळ्या रानात रबराच्या फाटक्या पट्ट्या, चकचकीत कागद व हलक्या काटक्या सापडल्या. जवळच्या लष्करी विमानतळाने ८ जुलै रोजी जाहीर केले की, उडती तबकडी हाती आली आहे. काही तासांतच वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितले की, ती तबकडी नव्हे, हवामान पाहण्याचा फुगा आहे. लोक हसले व विसरले.

पण खरी गोष्ट दोन्ही नव्हत्या. सन १९९४ मध्ये हवाई दलाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, तो बहुतेक मोगल नावाच्या गुप्त योजनेचा फुग्यांचा माळ होता. रशिया अणुबाँबची परीक्षा करील तेव्हा त्याचा नाद उंच हवेतून दूरवर ऐकू यावा, म्हणून ते फुगे आवाज टिपणारी यंत्रे घेऊन वर सोडीत असत. म्हणजे फुगा होता हे खरे. हवामानाचा होता हे खोटे. अर्धे सत्य सांगून सत्तेचाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात त्या रिकाम्या जागेत लोकांच्या कल्पनेने काय काय रोवले! परलोकातील वाटावेत असे प्राणी, त्यांची प्रेते, त्यांची शवचिकित्सा, सर्व काही उगवले. आणि अखेर सरकारने खरे सांगितले तेव्हा पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांस दोष तरी कसा द्यावा? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीने १९९५ मध्ये कळविले की, त्या विमानतळाच्या त्या वर्षांच्या काही नोंदी नष्ट झाल्या आहेत, आणि त्या कोणाच्या हुकमाने नष्ट केल्या हे कागदांवरून दिसत नाही. ज्याने एकदा उलटे सांगितले व ज्याच्या वहीची पाने गहाळ आहेत, त्याचे खरे बोलणेही बाजारात कमी भावाने विकले जाते.

तेथील एका सरकारी इतिहासकाराने गुप्त हेर खात्याविषयी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात आणखी एक गोष्ट कबूल केली. १९५० नंतरच्या दशकात त्या खात्याची यू-२ नावाची टेहळणी विमाने ६०,००० फुटांहूनही उंच उडू लागली. प्रवासी विमाने त्या काळी पुष्कळच खालून जात. खाली तिन्हीसांजा झाल्या असता वर उन्हात त्या विमानांचे रुपेरी पंख पेटल्यासारखे चमकत, आणि वैमानिक व इतर लोक आकाशात विलक्षण वस्तू दिसली म्हणून कळवीत. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांस खरे कारण ठाऊक असे, पण ते सांगावयाचे नसे. म्हणून हवेतील बर्फाचे कण, उष्णतेचा खेळ, अशी कारणे सांगितली जात. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. "हे मला सांगता येत नाही," असे म्हणणारा मनुष्य गुपित राखतो. "तू पाहिलेस ते बर्फाचे कण होते," असे म्हणणारा मनुष्य गुपित राखण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांस खोटे ठरवितो. पहिल्याने आपला अधिकार वापरला. दुसऱ्याने एका प्रामाणिक साक्षीदाराची साक्ष मोडली. राज्यकारभारास गुपिते लागतात हे मान्य केले, तरी निरपराध साक्षीदारास त्याच्याच मनात वेडा ठरविण्याचा हक्क कोणासही मिळत नाही.

तथापि ह्याच कथेत अनुकरणीय असेही काही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख न्यायाचा होणार नाही. आकाशातील अशा वार्तांची चौकशी अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ पासून १९६९ पर्यंत चालविली. शेवटी जमाखर्च मांडला तेव्हा १२,६१८ वार्ता नोंदलेल्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांची कारणे ठरविण्यात आली; ग्रह, तारे, फुगे, विमाने, ढग. उरलेल्या ७०१ पुढे "अनोळखी" असे लिहिण्यात आले. शंभरात सुमारे साडेपाच. हे कागद १९७६ मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात लोकांच्या पाहण्यासाठी खुले झाले.

ह्या नोंदींत दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की, ७०१ ठिकाणी त्या खात्याने आपले अज्ञान लिहून ठेवले. ज्या खात्यास सर्व कळते असे लोकांस वाटावे म्हणून पगार मिळतो, त्याने "आम्हांस कळले नाही" असे लिहिणे सोपे नव्हे. कित्येक लोक त्या आकड्याचा अर्थ परग्रहावरचे लोक येऊन गेले असा करितात. तो अर्थ त्यात नाही. "अनोळखी" ह्या शब्दात आश्चर्याचा पुरावा नसतो. त्यात एवढेच असते की येथे आमचा शोध थांबला. अज्ञानाची जागा भुताखेतांनी भरणारा आणि ती खोट्या कारणाने भरणारा, दोघेही एकच चूक करितात. दोघांसही रिकामी जागा रिकामी ठेवणे सोसत नाही. हे आपल्या खेड्यांतही पाहावे. बैल एकाएकी मेला तर कोणी म्हणतो करणी झाली, आणि कोणी, आपणांस शहाणा म्हणवून घेणारा, न पाहताच म्हणतो साप चावला. "मला ठाऊक नाही, गुरांच्या डॉक्टरास दाखवू," असे म्हणणारा तिसरा मनुष्य विरळा.

दुसरी गोष्ट ही की, ते कागद लोकांपुढे ठेविताना साक्षीदारांची नावे त्यांतून पुसून टाकण्यात आली. हेही झाकणेच होय. परंतु ते कोणासाठी? आपण काय पाहिले ते खरेपणाने सांगणाऱ्या साध्या लोकांस शेजाऱ्यांच्या थट्टेपासून वाचविण्यासाठी. येथे झाकल्याने सामर्थ्यवान मनुष्याचा काही लाभ झाला नाही. दुर्बळाचे रक्षण झाले. मला वाटते, आपल्या प्रश्नाची कसोटी येथेच सापडते. एखादी नोंद झाकणे बरे की वाईट, हे ठरविताना प्रथम विचारावे की, ह्या झाकण्याने कोणाचे रक्षण होते? जखमी, विधवा, साक्षीदार, लहान मूल ह्यांचे होत असेल, तर झाकणे हे दयेचे काम असू शकेल. परंतु ज्याच्या हाती किल्ली आहे त्याचेच रक्षण होत असेल, तर त्याने स्वतःच्या मनाचा विश्वास धरू नये, किल्ली दुसऱ्या कोणा प्रामाणिक मनुष्याच्या हाती द्यावी व म्हणावे, "तू पाहून सांग." फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशाने मागितले ते एवढेच होते.

ह्या देशात आता ह्या कसोटीस कायद्याचे रूप आले आहे, आणि ते खेड्यातील प्रत्येक वाचकाने माहीत करून घ्यावे. महाराष्ट्रात २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २००५ साली सर्व देशासाठी झाला. कोणाही नागरिकाने साध्या कागदावर अर्ज करून दहा रुपये फी भरावी. तीस दिवसांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे. मनुष्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास फी नाही. अर्ज का करितोस, असे त्यास विचारता येत नाही. देशाच्या संरक्षणासारख्या काही गोष्टी राखून ठेविल्या आहेत, आणि ते योग्य आहे. परंतु झाकण्याने होणाऱ्या रक्षणापेक्षा उघड करण्यात लोकांचे हित अधिक असेल, तर राखून ठेविलेलेही देता येते. आणखी एक कलम फार शहाणपणाचे आहे. एका कागदात गुप्त भाग व उघड करण्याजोगा भाग असे दोन्ही असतील, तर गुप्त तेवढे वगळून बाकीचे द्यावे. विहिरीवर मेलेल्या त्या बाईच्या मुलास गावच्या कर्जाची पाने दाखविण्याचे कारण नाही. कठड्याच्या ठरावाचे पान मात्र त्याला दाखविलेच पाहिजे. एका पानासाठी सर्व वही झाकणे हा अन्याय, आणि एका पानासाठी सर्व वही चव्हाट्यावर मांडणे हाही अन्यायच.

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांच्या हाती विमानांचे अहवाल येणार नाहीत. पण वह्या येतात. कोणी मंडळीची वही राखतो, कोणी शाळेची हजेरी, कोणी पतपेढीचा हिशेब, कोणी ग्रामपंचायतीचे दप्तर. त्या वहीतही केव्हातरी अपघात येतो. वसतिगृहातले मूल आजारी पडले आणि दवाखान्यात नेण्यास उशीर झाला. जमविलेल्या पैशांत काही रुपये कमी भरले. सभेच्या दिवशी मांडव पडून कोणी जखमी झाला. तेव्हा मन पटकन सांगते की, संस्थेचे नाव जाईल, विरोधकांस निमित्त मिळेल, म्हणून हे थोडे मऊ करून लिहावे. त्या क्षणी ज्या तीन विधवांस वही दाखविली गेली नाही त्यांचे स्मरण करावे. आपल्या सेवेचे नाव आपल्या चुकीच्या नोंदीने बुडत नाही. ती चूक पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हातून उघडी पडते, तेव्हा बुडते. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे, जे ऐकले ते ऐकले म्हणून, आणि जे कळले नाही त्यापुढे "कळले नाही" असे लिहून खाली आपली सही करावी. आपली चूक असेल तर तीही त्याच शाईने लिहावी. कबुलीचे मोल आपण इतरांस शिकवितो. ते प्रथम आपल्या वहीत दिसले पाहिजे.

त्या मुलीस बापाचा अहवाल मिळाला तेव्हा तिची वयाची पन्नास वर्षे उलटली होती. त्या कागदांनी तिला बाप दिला नाही, आणि न्यायालयाने न्यायही दिला नाही. परंतु तो कसा मेला हे तिला कळले. तेवढे कळणे हा तिचा हक्क होता, आणि तो तिच्या आईचाही होता. आपल्या गावी कोणी असा प्रश्न घेऊन दारी आला, तर त्याला पन्नास वर्षे थांबावयास लावू नये.